निरोप देणाऱ्याचे ऋण

उज्जयिनीस महाकाळाच्या दर्शनाला गेलेला यात्रेकरू सांदीपनींच्या आश्रमाकडेही वळतो. त्या भागास अंकपात म्हणतात. श्रीकृष्णाने पाटीवरचे अंक तेथील पाण्यात धुतले, अशी कथा आहे. चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकून तो निघाला, तेव्हा प्रभासक्षेत्री समुद्राने गिळलेला गुरुपुत्र त्याने गुरूच्या पदरी आणून घातला. समावर्तनाच्या वेळी जाणाऱ्याचे ऋण आपण असे काटेकोर मोजतो. मागे राहणाऱ्याचेही काही देणे असते काय?

हा प्रश्न आम्हांस पडतो तो कोकणातील बेने इस्राएलांमुळे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. दिव्याचे दिवेकर, किहीमचे केहिमकर: आडनावांत आपलीच गावे. १७९६ साली सामुएल एझेकिएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले; १८७५ साली हाईम सामुएल केहिमकर यांनी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तेथील मुले हिब्रूबरोबर मराठीही शिकत. १८८० च्या सुमारास तर त्यांचे कीर्तनकार अब्राहामाचे आख्यान आमच्या हरिदासांच्या थाटात लावू लागले. (आमच्या किती देवळांना याची वार्ता होती, कोण जाणे!)

१९४८ नंतर एकेक घर इस्राएलास निघाले. शाळेचा एकेक वर्ग जणू कायमचा सुटला. माझगावची ती शाळा आजही भरते, परंतु तिच्यात यहुदी मूल विरळाच.

येथे त्यांचा छळ कधी झाला नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. ते खरेच आहे. पण आम्हांस ते अपुरे वाटते. शेजाऱ्यास न छळणे आणि शेजाऱ्यास ओळखणे यांत फार अंतर आहे. एलियाहू हन्नाबीच्या नावाने त्यांच्या घरी पोहे-नारळाचा मलिदा होई. तो काय असतो, हे आपल्यापैकी कितीकांनी विचारले? तिकडेही त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका काढल्या गेल्या. १९६४ साली तेथील सरकारला ते पूर्ण यहुदी असल्याचे जाहीर करावे लागले.

आमच्या वाचकांस १५६० साल विसरता येणार नाही. कुशस्थळीचा मंगेश त्या वर्षी रातोरात प्रियोळास आला. आपण भयाने निघालो, ते स्वेच्छेने गेले. म्हणून तुलना ताणू नये. तरी आदिलशाही मुलखातील ज्या अंत्रुजकरांनी आपल्या देवाला जागा दिली, त्यांनी आपल्याला नुसते न छळण्यावर समाधान मानले नव्हते.

इस्राएलात गेल्यावर या मंडळींनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. मलिदाही तिकडे होतो. अलिबागेजवळ नवगावी त्यांची जुनी दफनभूमी आहे. जहाज फुटून किनाऱ्यास लागलेले त्यांचे पूर्वज तेथे विसावले आहेत, असे ते मानतात. ती मात्र बरोबर नेता आली नाही. ती आपल्याच गावाच्या शिवेत आहे.