वेदनेचे प्रामाण्य

हृदयाची शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यावरही ज्याची छाती महिनोन् महिने दुखत राहते, त्या माणसापुढे दोन प्रश्न उभे राहतात. दुखणे थांबत का नाही, हा पहिला प्रश्न वैद्यकाचा आहे. आपल्या दुखण्याविषयी आपणच दिलेली साक्ष ग्राह्य का धरली जात नाही, हा दुसरा प्रश्न मात्र प्रमाणशास्त्राचा, म्हणजे कोणते ज्ञान कशाच्या आधारावर खरे मानावे याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा आहे. बुलढाणा जिल्ह्यासारख्या प्रदेशात, जिथे शेगावची वारी, पिंपळगाव सराईजवळचा सैलानीबाबांचा दर्गा आणि तालुक्याचा दवाखाना हे एकाच घरातल्या आजाराचे लागोपाठचे मुक्काम असतात, तिथे या दोहोंत प्रारब्धाचा तिसरा प्रश्न मिसळतो आणि गुंता वाढतो.

शरीराची बाजू आधी पाहणे योग्य. बायपास शस्त्रक्रियेत उरोस्थी, म्हणजे छातीचे मधले हाड, उभे कापून दोन्ही बाजूंना फाकवावे लागते आणि काम संपल्यावर ते पोलादी तारांनी पुन्हा बांधतात. हाड सांधायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. छातीच्या आतल्या अंगाची धमनी जोडणीसाठी सोडवून घेताना फासळ्यांमधल्या नसा दुखावू शकतात, पायातली शीर काढली असेल तर पोटरीत बधिरपणा किंवा जळजळ मागे उरते, आणि म्हणून हाड नीट जुळल्यावरही कापसाचे गाठोडे उचलताना किंवा फवारणीचा पंप पाठीवर घेताना छातीत चमक निघते. दुखावलेल्या नसेचे हे दुखणे ईसीजीत दिसत नाही, इकोत दिसत नाही आणि अँजिओग्राफीतही दिसत नाही, कारण या तपासण्या हृदयासाठी आहेत आणि हृदय तर आता ठीक चाललेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र निदानाचे स्थान आहे. अर्थात छातीतली प्रत्येक कळ नसेचीच असते असे नाही. जखमेतला जंतुसंसर्ग, हृदयावरणाची सूज किंवा पुन्हा तुंबलेली रक्तवाहिनी ही कारणेही संभवतात, आणि म्हणूनच तक्रार ऐकून न घेणे हे नुसते असभ्य नाही, तर धोक्याचेही आहे.

जिल्ह्यातला रुग्ण अशा शस्त्रक्रियेसाठी बहुधा अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठतो. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेल्या आणि आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेमुळे गरीब कुटुंबालाही हे शक्य झाले, हे मोठेच काम आहे. पण त्यानंतर दिवसाची मजुरी बुडवून आणि एसटीचे हेलपाटे घालून फेरतपासणीला आलेल्या माणसाला काही मिनिटांत ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मनावर घेऊ नका’ एवढेच ऐकायला मिळत असेल, तर तिथे काय घडते ते नीट तपासले पाहिजे. बाहेर रांग लागलेली असते आणि डॉक्टरचा नाइलाज पुष्कळदा खरा असतो, हे मान्य. तरीही त्या एका वाक्यात यंत्राची साक्ष स्वीकारलेली आणि माणसाची फेटाळलेली असते.

भारतीय विचारपरंपरेने हा प्रश्न अनुत्तरित ठेवलेला नाही. न्यायदर्शनात सुख आणि दुःख हे आत्म्याचे गुण मानले असून ज्याचे त्याला ते मनाच्या द्वारे प्रत्यक्ष कळतात, तर इतरांना त्यांचे केवळ अनुमान करता येते किंवा सांगणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. हा शब्द विश्वासार्ह केव्हा ठरतो, तर बोलणारा ‘आप्त’ असेल तेव्हा. आणि आप्त म्हणजे ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे व ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा माणूस. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन पुढे असेही स्पष्ट करतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, म्हणजे साक्षीचे मोल साक्षीदाराच्या कुळावर किंवा शिक्षणावर ठरत नाही. या कसोटीवर स्वतःच्या वेदनेपुरता प्रत्येक रुग्ण आप्त ठरतो, मग तो मोताळ्याचा शेतमजूर असो की निवृत्त प्राध्यापक.

चरकसंहिता याच तत्त्वाला चिकित्सेच्या व्यवहारात उतरवते. वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण हे चिकित्सेचे चार पाद सांगून चरक रुग्णाच्या चार गुणांत ‘ज्ञापकत्व’, म्हणजे आपले दुखणे नेमके सांगता येण्याची क्षमता, गणतो. आणि संहितेच्या विमानस्थान या विभागात, परीक्षेच्या साधनांची चर्चा करताना, रोग्याची सुखदुःखे त्याला विचारूनच जाणावीत असा स्पष्ट निर्देश देतो. वर्ण, स्वर यांचे एवढे बारकाईने निरीक्षण शिकवणाऱ्या ग्रंथाने या एका ठिकाणी निरीक्षणाची मर्यादा मान्य करावी, ही गोष्ट आजही विचारात घेण्याजोगी आहे. वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना, दुखते असे सांगणाऱ्याच्या सांगण्याचा आदर राखावा अशी टीप जोडली, तेव्हा ती याच जागी येऊन पोहोचली होती.

मात्र या साक्षीच्या अधिकारालाही मर्यादा आहे. दुखते आहे हे रुग्णाचे प्रत्यक्ष ज्ञान आहे, पण ‘आतली तार टोचते’ किंवा ‘टाका सुटला’ हे त्याचे अनुमान आहे आणि ते चुकू शकते. कारणाच्या क्षेत्रात डॉक्टरचा अधिकार निःसंशय मोठा आहे. वाद होतो तो या दोन क्षेत्रांची सरमिसळ झाल्यामुळे, कारण डॉक्टर चुकीचे अनुमान खोडताना त्याच्यासह प्रत्यक्षही खोडून टाकतो, आणि रुग्ण आपले प्रत्यक्ष वाचवण्याच्या धडपडीत चुकीच्या अनुमानाला घट्ट धरून बसतो.

आता प्रारब्धाचा विचार. शेगावच्या गजानन महाराजांचे चरित्र सांगणाऱ्या, दासगणू महाराजांच्या ‘श्री गजानन विजय’ या एकवीस अध्यायांच्या ग्रंथाची पारायणे या जिल्ह्यात घरोघरी होतात, आणि त्या ग्रंथात आजाराच्या परस्परविरोधी वाटाव्यात अशा दोन कथा आहेत. एकीत खामगावचे भाऊ कवर नावाचे डॉक्टर स्वतःच दुर्धर फोडाने तळमळतात, इतर डॉक्टरांच्या उपायांनी गुण येत नाही, आणि अखेर शेगावच्या तीर्थ-अंगाऱ्याने त्यांची सुटका होते. दुसरीत पिसाळलेले कुत्रे चावलेल्या भास्कर पाटलाला गजानन महाराज त्या दंशामागचे पूर्वकर्म समजावून देतात आणि तो शिष्य मरण स्वीकारतो. श्रद्धाळू वाचक दोन्ही कथा एकाच भक्तीने वाचतो, पण दुसरीतला एक तपशील सहसा त्याच्या नजरेतून सुटतो: स्वीकार करणारा भास्कर स्वतः आहे, आणि समजावणारा त्याला दूर लोटत नाही, तर त्याच्याशी बोलत बसतो.

प्रारब्ध, म्हणजे पूर्वकर्माचा जो भाग या जन्मी फळाला आलेला आहे तो, ही कल्पना ज्याची त्याने स्वतःकडे पाहताना वापरली तर तिच्यातून धीर मिळू शकतो, कारण तिच्यामुळे वेदनेला आदी आणि अंत असतो. तीच कल्पना सून सासऱ्याला, भाऊ भावाला किंवा डॉक्टर रुग्णाला ‘भोग आहे, भोगा’ असे म्हणून ऐकवतो, तेव्हा तिचा उपयोग ऐकण्याचे कर्तव्य टाळण्यापुरता उरतो. सांख्यांनी दुःखाचे तीन प्रकार केले: स्वतःच्या शरीरमनातून उपजणारे आध्यात्मिक, इतर प्राण्यांकडून होणारे आधिभौतिक आणि दैवी शक्तींमुळे येणारे आधिदैविक. या विभागणीनुसार छातीतली कळ आध्यात्मिक असली, तरी अविश्वासाने होणारा त्रास आधिभौतिक आहे. तो माणसांनी दिलेला आहे आणि तो न देणे माणसांच्याच हातात आहे, म्हणून त्याचे ओझे दैवावर टाकता येत नाही.

तक्रार करणे म्हणजे श्रद्धेत उणे पडणे, असेही पुष्कळांना वाटते, आणि त्याचे उत्तर याच जिल्ह्याच्या मातीत आहे. देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणाराजा हे परंपरेने संत चोखामेळ्याचे जन्मस्थान मानले जाते. जन्माने वाट्याला आलेल्या अवहेलनेचा जाब चोखोबांनी थेट विठ्ठलाला विचारला, आणि वारकरी संप्रदायाने ती तक्रार वगळली नाही, तर अभंग म्हणून जतन केली. देवाला जाब विचारणे जिथे भक्तीत बसते, तिथे डॉक्टरला पुन्हा एकदा दुखणे सांगणे उद्धटपणा कसा ठरेल?

एक आक्षेप उरतो. नामस्मरणाने किंवा पारायणाने कळ सुसह्य होते असे पुष्कळ रुग्ण सांगतात, आणि त्यावरून दुखणे मनाचेच होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या द्वारनियंत्रण सिद्धांताने हा निष्कर्ष निराधार ठरवला आहे. शरीराकडून येणारे वेदनेचे संदेश मेरुरज्जूत जणू एका दारातून जातात आणि मेंदूकडून येणारे संदेश ते दार कमी-अधिक उघडतात, असे तो सांगतो. पुढच्या संशोधनाने त्याचा तपशील बदलला, पण मेंदू वेदनेची तीव्रता बदलू शकतो हा गाभा टिकला. त्यामुळे नामाने उतरलेली वेदनाही खरीच वेदना असते, आणि नामाबरोबर नसेच्या दुखण्यावरची औषधे व फिजिओथेरपी घेणे यात श्रद्धेचा कोणताही भंग नाही.

चरकाने रुग्णात अपेक्षिलेले ज्ञापकत्व अभ्यासाने वाढते. दुखते कुठे, कोणत्या हालचालीने, कळ आहे की ठणका की जळजळ, झोप मोडते का, हे वहीत लिहून नेणाऱ्या रुग्णाला ‘मनावर घेऊ नका’ म्हणणे डॉक्टरला अवघड जाते. आणि एका डॉक्टरने ऐकले नाही तर दुसऱ्याकडे, शक्य तिथे वेदनाचिकित्सेच्या विभागाकडे, जाण्याचा हक्क रुग्णाला आहेच. पण सगळा भार त्याच्यावर टाकणेही न्यायाचे नाही. बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथे घडणाऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट वाचण्याआधी रुग्णाला विचारण्याची चरकाने सांगितलेली शिस्त पहिल्या वर्षापासून लावली जावी, आणि ती लागली की नाही हे परीक्षेतही तपासले जावे.