पत्र राणीचं, हात गावाचा

नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट वाचताना मला राग कोणाचा येतो? अहाब राजाचा येतो, ईजबेल राणीचा तर हमखास. इज्रेल गावच्या वडीलधाऱ्यांचा मात्र आजवर कधी आला नाही. ती माणसं माझ्या नजरेखालून इतकी बिनबोभाट निघून जातात की आता मला माझाच संशय येतो. मीच त्यांना सोडून देतो का? आपल्यातली म्हणून?

गोष्ट १ राजे, २१व्या अध्यायातली. राजवाड्याला लागून नाबोथाचा मळा. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख मोल देतो, असं तो म्हणाला. वाडवडिलांचं वतन द्यायचं नाही, एवढंच नाबोथाचं उत्तर. राजा तोंड फिरवून पलंगावर पडला, जेवेना. मग राणीने कारभार हाती घेतला. राजाच्या नावाने पत्रं लिहिली, त्याचीच मोहर केली आणि नाबोथाच्या गावच्या प्रतिष्ठितांना धाडली. उपास जाहीर करा, नाबोथाला मानाच्या जागी बसवा, समोर दोन अधम माणसं बसवा, याने देवाला आणि राजाला शिव्याशाप दिले असं त्यांच्याकडून वदवा, मग बाहेर नेऊन दगडमार करा.

सगळं बरहुकूम पार पडलं. साक्षीदार दोन, कारण देहदंडाला एकाची साक्ष नियमशास्त्राला पुरत नाही. शिक्षा गावाबाहेर. वर उपासाचं पावित्र्य. कागदोपत्री बोट ठेवायला जागा नाही.

फक्त एका ठिकाणी ती माणसं उघडी पडतात. पत्रं आली होती राजाच्या नावाने, पण काम झाल्याचा निरोप गेला ईजबेलीला. म्हणजे मोहर कोणाची आणि मसलत कोणाची, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. आम्ही फसलो, असं म्हणायची सोय राहिली नाही. आणि ते दोन साक्षीदार? पत्रात त्यांची नावंही नव्हती. ते गावानेच हुडकून आणले.

इथे मला माझी एक सही आठवते. एका संस्थेच्या कमिटीवर मी सेक्रेटरी होतो. एका कर्मचाऱ्याला काढायचा ठराव अध्यक्षांकडून टाइप होऊनच आला होता. खाली ‘सर्वानुमते मंजूर’ हेही छापलेलं. बैठकीत एका सभासदाने हात वर केला. निदान त्या माणसाला बोलावून विचारा तरी, असं म्हणाला. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. हात वर झाल्याचं इतिवृत्तात कुठेच नाही. भीती होती म्हणावं, तर मला कसली भीती होती? तुरुंगाची नाही, उपासमारीची नाही. पुढच्या वर्षी कमिटीवर नाव राहील ना, एवढीच. वर स्वतःला समजावलं की निर्णय त्यांचा, मी फक्त लिहून घेणारा.

असं काही टोचू लागलं की मी रोमकरांस पत्राचा १३वा अध्याय उघडतो. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, अधिकार देवाने नेमलेले आहेत, हे तिथे पौलाने लिहिलंच आहे. पण अधिकारी मला न पटणारा असला, की हेच बोट प्रेषितांच्या कृत्यांच्या ५व्या अध्यायाकडे वळतं. तिथे न्यायसभेपुढे उभा असलेला पेत्र, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असं सांगतो. हे शास्त्रवाचन झालं, की वकिली? मला खुर्ची मिळते तेव्हा १३वा, विरोधात असतो तेव्हा ५वा! आणि ज्या पौलाचा मी दाखला देतो, तो स्वतः फटके आणि कैद सोसलेला माणूस होता, हे मला त्या घटकेला सोयीने आठवत नाही.

बरं, हुकूम मानून माणूस निदान सुरक्षित तरी राहतो का? २ राजे, १०व्या अध्यायात पुन्हा पत्रं येतात. आता आपल्या धन्याला, आधीच्या राजाला, मारून येहू राजा झालाय. अहाबाच्या घराण्यातल्या ७० मुलग्यांची मुंडकी पाठवा, असा हुकूम शोमरोनच्या मातबरांना येतो. ही मुलं त्यांच्याच देखरेखीत वाढत होती. घाबरून ते मुंडकी टोपल्यांत भरून इज्रेलला पाठवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी येहू लोकांसमोर काय म्हणतो? धन्याला मी मारलं, ते खरं. पण या सगळ्यांना कोणी मारलं? ज्याचा हुकूम, तोच चारचौघांत हात झटकून मोकळा. माणसं बदलली, राजघराणं बदललं, पत्र आलं की वाकायची सवय तेवढी तशीच राहिली. मला धास्ती वाटते ती या सवयीची. तिला धनी कोण, याने फरक पडत नाही.

मग काय करायला हवं होतं? शौल राजाने हुकूम देऊनही त्याच्या शिपायांनी नोबच्या याजकांवर हात टाकायला नकार दिला, असं १ शमुवेल २२ सांगतो. पण दवेग अदोमी पुढे झाला, त्याने ८५ याजक कापले, आणि त्याला कोणी अडवल्याची नोंद नाही. नुसता आपला हात स्वच्छ ठेवला, एवढ्याने भागतं का? माझ्यापाशी याचं पक्कं उत्तर नाही.

ओबद्या मला जवळचा वाटतो. तो अहाबाच्याच घरचा कारभारी. ईजबेल संदेष्ट्यांना ठार करत होती तेव्हा त्याने शंभर जण पन्नास-पन्नास करून गुहांत लपवले आणि त्यांना अन्नपाणी पुरवलं. तो शूर होता असंही नाही. मी भेटलोय असं राजाला सांग, असं एलीया संदेष्टा म्हणाला, तर जिवाच्या भीतीने गयावया करू लागला. तरीही त्याच राजाची चाकरी करताना कुठला हुकूम आपल्या हातून पुरा होऊ द्यायचा नाही, हे त्याला कळत होतं.

इज्रेलच्या वडीलधाऱ्यांनी तर गुहासुद्धा शोधायला नको होत्या. साक्षीदार खोटा तर नाही ना, याची नीट चौकशी करा, असं न्यायाधीशांना अनुवादाच्या १९व्या अध्यायातच बजावलेलं आहे. दोन साक्षीदारांचा नियम त्यांनी पाळला आणि त्याच पानावरचा चौकशीचा नियम गाळला. त्या दोघांना चार प्रश्न विचारणं हे काही बंड नव्हतं, ते त्यांचं रोजचं काम होतं. विचारूनही नाबोथ वाचला असता का, कोण जाणे. पण मी ज्या सहीला आज्ञापालन म्हणत आलो, ती बहुतेक वेळा माझ्याच कामात केलेली कुचराई होती, एवढं आता नाकारता येत नाही.