नाममुद्रा पुसू नका

हिंगोली-कळमनुरीकडून येणारा रस्ता वारंगा फाट्यावर महामार्गाला मिळतो. इथून एक वाट नांदेडला जाते, दुसरी हदगाव-उमरखेडवरून यवतमाळकडे. गाडीची वाट पाहणाऱ्यांच्या हातातल्या मोबाइलवर काय चालू असतं? या भागात पुष्कळदा हळद. हा हिंगोली जिल्हाच हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

व्हिडिओत हळदीचा भलामोठा गड्डा दिसतो, एकरी उताऱ्याचा आकडा येतो, मागे संगीत वाजतं. बघणाऱ्याला उमेद वाटते आणि ती उमेद खोटी नसते. पण जमीन कोणती, बेणं कुठलं, बेणेप्रक्रिया कशी केली, कंदकूज लागली तेव्हा काय केलं, हे बहुतेक वेळा गाळलेलं असतं. हळद आठ-नऊ महिने रानात उभी असते. नुसत्या आकड्यावर भाळून केलेली लागवड चुकली, तर अख्खं वर्ष हातचं जातं. म्हणून मला वाटतं, कृती न सांगता दाखवलेलं यश हे अर्धंच देणं आहे.

पुरं देणं कसं असतं, ते अरविंद गुप्तांनी दाखवलं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात त्यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुनी वर्तमानपत्रं यांतून खेळणी घडवली आणि प्रत्येकाची कृती पायरीपायरीने संकेतस्थळावर मोकळी ठेवली. शेकडो पुस्तकंही तिथे फुकट वाचायला मिळतात. त्यांचं खेळणं बघून मूल नुसतं थक्क होत नाही, ते कात्री शोधायला उठतं.

कृतीइतकंच महत्त्व नावाला आहे, आणि त्याचा दाखला हिंगोली जिल्ह्यातच सापडतो. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून परंपरा नरसीला मानते. त्यांची पदं पंजाबात गेली, १६०४ मध्ये आदिग्रंथात आली; आज गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, नामदेवांच्याच नावाने. मधल्या तीन शतकांत ती किती गळ्यांतून, किती हातांतून गेली असतील! त्या गाणाऱ्यांची, लिहून घेणाऱ्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, पण त्यांनी मूळ नाव जपलं. अभंगाच्या शेवटच्या चरणातल्या नाममुद्रेचं हे बळ. तरीही घोटाळा टळला नाही. सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामाच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या आणि त्या वेगळ्या काढायला अभ्यासकांना फार कष्ट पडले. नाममुद्रा असून ही गत, मग जिथे नावच कापून टाकलं जातं तिथे काय होणार?

आज नेमकं तेच चाललं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एखाद्या बाईंनी मुलांसाठी रचलेलं अक्षरगीत, खेड्यातल्या कुणा मुलीची रांगोळी मोबाइलवरच्या दहा गटांत फिरते, पण करणारीचं नाव पहिल्या वळणालाच गळतं. कुणीतरी त्यावर आपल्या पानाचा शिक्का मारतो. हे मला चोरीपेक्षा कमी वाटत नाही. त्या बाईंना पुढचं गीत रचायचं बळ कुठून मिळावं? आणि ज्याला ते गीत वर्गात वापरताना अडचण आली, त्याने विचारायचं कोणाला?

तेव्हा एखादी रांगोळी, एखादा प्रयोग, शेतातली एखादी युक्ती आवडली, तर जरूर पुढे पाठवा. पण करणाऱ्याचं नाव आणि गाव सोबत जाऊ द्या, कृती विचारून घ्या. नाव माहीत नसेल, तर ज्याने पाठवलं त्याला आधी विचारा.