काशीला सोडलेला फणस

बोईसरला आमच्या लॅबमध्ये डबा खायच्या वेळी सध्या एकच वाद रंगतो: वजन कमी करायचं तर फळं खावीत की नाही. निमित्त झालं एका तरुण सहकाऱ्याच्या डाएटचं. तारापूर एमआयडीसीत पाळ्या करणाऱ्यांचं पोट सुटायला फार काही लागत नाही. रात्रपाळी, कॅन्टीनचा वडा, झोप उडावी म्हणून घेतलेले गोड चहा. त्याला कुणीतरी मोबाईलवर तक्ता पाठवला होता. चिकू बंद, केळं बंद, आंबा बंद, द्राक्षं बंद. कारण काय, तर फळात साखर असते. सोमवारचा उपवास मात्र चालू, आणि त्या दिवशी साबुदाण्याची खिचडीही चालू. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, उपवास देवासाठी आणि डाएट माझ्यासाठी. दोन्हींचं खातं वेगळं." हे वेगळं खातं मला पटलेलं नाही.

मी औषधांच्या कारखान्यात ॲनालिस्ट आहे. दिवस तराजूपुढे जातो, म्हणून आधी आकडेच सांगते. चिकूच्या 100 ग्रॅम गरात साधारण 80 ते 85 किलोकॅलरी असतात आणि 5 ग्रॅमच्या आसपास तंतू. केळ्यात 90च्या आसपास, पेरूत 70च्या आत. कोरडा साबुदाणा 100 ग्रॅम घेतला तर 350 किलोकॅलरी, तंतू जवळजवळ नाहीतच, वर दाण्याचं कूट आणि तूप. जागतिक आरोग्य संघटना ज्या साखरेला आवर घालायला सांगते तिच्यात चहातली साखर येते, मध येतो, फळांचा रससुद्धा येतो. सबंध फळातली साखर येत नाही. सबंध फळ चावावं लागतं, त्यातली साखर तंतूंमुळे रक्तात सावकाश उतरते आणि पोटाला आधार मिळतो. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था तर रोज 100 ग्रॅम फळ खायला सांगते. तेव्हा फळ डाएटमध्ये बसतं. फक्त ते भरपेट जेवणावर चढवायचं नाही, बिस्किटं-फरसाणाच्या जागी घ्यायचं. आणि चिकूचा मिल्कशेक म्हणजे चिकू नव्हे. मधुमेह असेल तर कोणतं नि किती, ते डॉक्टरांना विचारावं. हिशेबाचा प्रश्न इथे मिटतो.

मला लागलं ते त्या तक्त्यातल्या भीतीमुळे. घोलवड-डहाणूच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या कितीतरी घरांची चूल त्या झाडांवर पेटते. त्याच चिकूकडे इथलाच एक मुलगा विष असल्यासारखा बघतो. असं बघायला आपल्याला कुणी शिकवलं? आपल्या धर्माने तर नक्कीच नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात देव भक्ताकडून ज्या मोजक्या साध्या वस्तू आनंदाने घेतो, त्यांत फळ आहे. उपवासाला धान्य सोडून माणूस फळाकडे वळला, त्यामागेही विचार आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा नेम आमच्या घरी अजून पाळतात. एक दिवस तरी आपल्या ताटासाठी कुणाच्या मानेवर जू नको. उपवास म्हणजे निव्वळ पोट रिकामं ठेवणं नव्हे. आपलं ताट कुणाच्या जिवावर भरतं, याची आठवण त्यात आहे.

माझं माहेर केळव्याचं, वाडीतलं. आजी काशीला जाऊन आली ती फणस सोडून आली. काशीला गेलेल्याने एखादं आवडतं फळ तिथे सोडायचं आणि पुढे आयुष्यभर तोंडाला लावायचं नाही, ही जुनी रीत. बरेच जण हुशारी करतात, एरवीही खात नाहीत ते फळ सोडून येतात. आजीने जीव की प्राण असलेला फणस सोडला. पण वाडीतले फणस पिकायचे थोडेच थांबणार होते? मे महिन्यात ओटीवर गोणपाट अंथरून, विळीला आणि कोपरापर्यंत हातांना खोबरेल चोळून तीच ते फोडायची. मधला दांडा काढला की चीक भळाभळा यायचा, तो ती जुन्या फडक्याने टिपून घ्यायची. मग पाती बाजूला सारून गरा अलगद सोडवायचा, आठळी काढून दुसऱ्या टोपलीत टाकायची. घरभर घमघमाट. कापा की बरका, ते चव न घेता गरा दोन बोटांत दाबून सांगायची. पहिला वाटा वाडीत कामाला येणाऱ्या बायकांचा, मग शेजारच्या घरांचा, उरलेल्यावर आम्ही मुलं. "गोड आहे का गं?" एवढंच विचारायची आणि आमच्या तोंडाकडे बघत राहायची.

फणसाला तिने कधी वाईट म्हटलं नाही. चांगला होता म्हणूनच तर त्याचा त्याग झाला. आधी एखाद्या वस्तूला वाईट ठरवायचं आणि मग ती टाकायची, यात त्याग कसला? माझ्या सहकाऱ्याचा चिकू आणि आजीचा फणस, दोघंही ताटातून गेले. पण आजीचा फणस दुसऱ्या कुणाच्या तरी हातात पोचला आणि तिच्या मनातलं त्याचं मोल कमी झालं नाही. जुन्या व्रतांच्या शेवटी देणं असतंच. चातुर्मासात एखादी वस्तू सोडली तर नेम सुटताना ती आधी दान करायची, मग आपण खायची. आजच्या डाएटमध्ये सोडणं पुष्कळ आहे. हे देणं तेवढं गळालं आहे, आणि माझा आक्षेप तेवढाच आहे.

"तब्येतीच्या गोष्टीत धर्म कशाला आणता?" असंही मला विचारलं गेलं. पण वजन कमी करण्याची मला ठाऊक असलेली सगळ्यात जुनी गोष्ट धर्मग्रंथातलीच आहे. आमच्या जिल्ह्यातल्या नालासोपाऱ्याला बौद्ध स्तूप आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 साली तो उकरून काढला. शूर्पारक, म्हणजे जुन्या सोपाऱ्याच्या बंदराच्या वाटेने जो विचार इथे पोचला, त्याच्या पाली ग्रंथांत, संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची कथा येते. राजा भांडंभर भात जेवून धापा टाकत बुद्धांकडे येतो. मात्रा ओळखून जेवणाऱ्याच्या व्याधी कमी होतात, म्हातारपण हळूहळू येतं, अशा अर्थाची एक गाथा बुद्ध त्याला ऐकवतात. राजा मागे उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावतो आणि रोज जेवायला बसलो की म्हण, असं सांगतो. हळूहळू त्याचा भात नाळीभर मापावर येतो, अंग हलकं होतं आणि तो कृतज्ञतेने बुद्धांचं नाव घेतो.

या कथेत बंदीची यादी नाही. भात तोच, राजाही तोच. ताटावर बसल्यावर कानाशी एक आठवण करून देणारा आवाज तेवढा नवा. चरकानेही आहाराचं प्रमाण ज्याच्या त्याच्या अग्नीवर सोपवलं. ते सांगणाऱ्या अध्यायाचं नावच मात्राशितीय आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातला योग अति खाणाऱ्याला साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. आणखी एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. दुपारनंतर न जेवणाऱ्या भिक्खूंना विनयपिटकात काही पेयांची मुभा आहे, त्यांत आंब्याचं, केळ्याचं आणि जांभळाचं पेय आहे. आजचा आहारतज्ज्ञ रस नको, फळ खा असं सांगेल आणि तुमच्या-माझ्यासाठी ते बरोबरच आहे. पण दिवसातून एकदाच जेवणाऱ्या माणसाला संध्याकाळी घोटभर आधार हवा, ही दया त्या नियमात आहे. कुणासाठी काय योग्य, हे त्याची भूक बघून ठरवलं आहे.

भुकेचं निघालं म्हणून सांगते. आमच्या पालघर जिल्ह्यात वजनाची काळजी दोन टोकांना आहे. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली, ते नाव इथे अजून कुणी विसरलेलं नाही. आजही जव्हार-मोखाड्याच्या अंगणवाडीत मूल काट्याला टांगतात ते भरलं का, हे बघायला. राज्य सरकारच्या अमृत आहार योजनेत आदिवासी पाड्यांवरच्या मुलांना अंडं देतात आणि अंडं न खाणाऱ्याला केळी. बोईसरच्या तक्त्यात जे केळं बंद आहे, ते मोखाड्यात बाळाचं वजन वाढावं म्हणून मोजून हातावर ठेवलं जातं. हे कळल्यावर मला केळ्याला वाईट म्हणवत नाही.

आणि ज्या डोंगरात ही मुलं आहेत, तिथूनच आपला रानमेवा येतो. मे सरता सरता पालघर-मनोर रस्त्याला बहाडोलीची जांभळं येतात, टपोरी, बोट लावलं तरी डाग पडेल अशी. बोईसर स्टेशनबाहेर बायका करवंदांचे वाटे लावतात, पानाचा द्रोण करून देतात. या बायका पहाटे कधीतरी घरून निघालेल्या असतात. जांभूळ मधुमेहाला चांगलं, वजनाला चांगलं म्हणत आपण वाट्यावर घासाघीस करतो आणि डहाणू लोकल पकडतो. देवाला दाखवायचं फळ घेतानाही भाव पाडायचा, हे मला अधर्माचं वाटतं, आणि मी तसं सहकाऱ्यांना स्पष्ट सांगितलं.

आषाढी तोंडावर आली आहे. उपवासाला मी दोन चिकू, एखादं केळं आणि ताक घेणार आहे, खिचडी नाही. जांभळं संपेपर्यंत वाटा त्या बायका सांगतील त्या भावाने घेते. सहकारी म्हणाला, "हेच तुमचं दान ना, ताई?" मी नाही म्हणाले. सांगितला तो भाव देणं हे दान नव्हे, ते विकणारीचं येणं आहे. आजीने गरे वाटले तसं मला माझ्या ताटातलं काय देता येईल, हे चातुर्मास लागायच्या आत ठरवायचं आहे, आणि अजून ठरलेलं नाही.