इंजिन बदलले, गाडी तीच काय?

वाचकहो, मारुतीची जिप्सी आपण पाहिली असेलच. पहाडी गावांत, अभयारण्यांत अथवा सैन्याच्या छावणीत. 1985 साली ती भारतात आली, तेव्हा तिच्यात 970 सीसीचे इंजिन होते व त्याची ताकद सुमारे 45 अश्वशक्ती. गाडी काटक, पण चढावर धापा टाकणारी. 1996 साली आलेल्या ‘जिप्सी किंग’ला 1.3 लिटरचे इंजिन मिळाले. साहजिकच जुन्या जिप्सीचे मालकही तेवढ्याच इंजिनाच्या शोधात निघाले, आणि पुष्कळांना ते ‘एस्टीम’ मोटारीत सापडले.

हे काम बोलायला सोपे, करायला किचकट. एस्टीममध्ये इंजिन आडवे बसते व पुढची चाके फिरवते; जिप्सीत ते गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवावे लागते. त्याची बैठक नव्याने घडवावी लागते, क्लच व गीअरबॉक्स जुळवावे लागतात, रेडिएटरही पुरतो की नाही हे पाहावे लागते. गंजलेले पत्रे बदलतात, वायरिंग नवे होते, कमानपाटे नवे येतात. अखेरीस जुनी म्हणावी अशी चॅसिस तेवढी उरते. मग ही गाडी तीच काय?

प्रश्न प्राचीन आहे. थीसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या, तर जहाज तेच राहिले काय, असा वाद तत्त्वज्ञांत चाले, अशी नोंद प्लूटार्कने केली आहे. सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली : काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या व त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? माझ्या मते नुसते कोडे म्हणून हा वाद काहीसा रिकामटेकडा आहे. पण मुंबईच्या कुर्ल्यात, दिल्लीच्या मायापुरीत, चेन्नईच्या पुदुपेटमध्ये तो रिकामटेकडा राहत नाही. एका गाडीतून निघालेला भाग तेथून दुसऱ्या गाडीत जातो, आणि तो आला कोठून, हे विचारणे भाग पडते.

शासनाने आपले उत्तर दोन क्रमांकांत दिले आहे : एक चॅसिसचा, दुसरा इंजिनाचा. दोन्ही नोंदणीपत्रावर असतात. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाहनातील फेरबदलांवर बंधन घालते. इंजिन बदलायचे तर नोंदणी प्राधिकरणाची मंजुरी लागते, आणि इंजिन निराळ्याच मोटारीचे असेल तर ती मिळेलच असे नाही. येथेच मोह उभा राहतो. क्रमांक घासून काढलेले इंजिन स्वस्त मिळते. ते उत्तम चालते. मालक म्हणतो, गाडी माझी, पैसा माझा, कोणाचे काय बिघडले?

ज्याची मोटार एका सकाळी दारातून नाहीशी झाली, त्याचे बिघडले. तो आपल्याला दिसत नाही, एवढेच. आणि ब्रेकचे काय? ते 45 अश्वशक्तीच्या गाडीसाठी घडवलेले असतात. नव्या द्राक्षारसाचा व जुन्या बुधल्यांचा दाखला आपण जाणताच. बुधला म्हणजे कातडी पिशवी, एकदा ताणून संपलेली. वाढीव ताकद पेलण्याजोगे ब्रेक व कमानपाटे बसवण्याचा खर्च मात्र बहुधा शेवटी ढकलला जातो, कारण चढावर दिसते ते इंजिनच. मागच्या बाकावरची मुले उतरणीवरही त्याच गाडीत असतात.

म्हणून ‘गाडी तीच काय’ यापेक्षा ‘हे कोणाला सांगायला हवे’ हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. आधी नोंदणी अधिकाऱ्याला. मग विमा कंपनीला, कारण अपघातानंतर ती नोंदणीपत्र वाचतेच. आणि पुढे गाडी घेणाऱ्याला. तो येतो, बॉनेट उघडतो, इंजिनाचा आवाज ऐकून खूश होतो. त्याच्या हाती द्यायच्या कागदावर मात्र अजून 970 हाच आकडा असतो.