हात लावल्याशिवाय

कुष्ठरोगाची तपासणी इतकी साधी आहे की तिला शास्त्र म्हणायला कुणीही कचरेल. रुग्णाला उजेडाकडे तोंड करून बसवायचं. कापसाची बारीक वात वळायची. आधी ती चांगल्या कातडीवर टेकवून दाखवायची आणि मग सांगायचं, ‘डोळे मिटा, जिथं जाणवेल तिथं बोट ठेवा.’ दंडावर टेकवली की बोट दंडावर येतं, मांडीवर टेकवली की मांडीवर. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर टेकवली की बोट जागचं हलत नाही. बहुतेक वेळा निदान व्हायला एवढं पुरतं. अडचण असते ती त्याच्या आधीची. चट्टा खाजत नाही, दुखत नाही, कामाला अडवत नाही. त्यामुळे तो अंगावर बाळगणारा माणूस दवाखान्याची पायरी चढतच नाही. तपासणाऱ्याला त्याच्यापर्यंत जावं लागतं.

या आजाराचा जंतू नॉर्वेच्या हान्सेननं १८७३मध्ये शोधला. तो आजवर कुणाला प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवता आलेला नाही. त्याची वाढ कमालीची संथ आहे. एकाचे दोन व्हायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात आणि लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत पाच, कधी वीस वर्षंही जातात. त्याला थंडावा मानवतो, म्हणून तो कातडीत आणि कातडीलगतच्या नसांत ठाण मांडतो. कोपराला ठेच लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती नस त्याच्या खास आवडीची. ती जाड झाली तर अनुभवी बोटांना नुसत्या चाचपण्यानं कळतं. मोटारीच्या वायरीवर वेष्टण असतं तसं नसेतल्या तंतूंवर श्वान पेशींचं आवरण असतं. जंतू शिरतो तो या पेशींत. एडिंबरा इथल्या अनुरा रंबुक्कना यांच्या गटानं २०१३मध्ये उंदरांच्या पेशींवर दाखवलं की, हा जंतू प्रौढ श्वान पेशीला तिची ओळख विसरायला लावून पुन्हा कोवळ्या, मूळ पेशीसारख्या अवस्थेत नेऊ शकतो आणि तिच्या आडून इतर ऊतींत पसरू शकतो.

बोटं या जंतूनं झडतात, हा समज शतकानुशतकं टिकला. वेल्लोरला काम करणाऱ्या पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकानं तो मोडून काढला. जखमा होत होत्या त्या चुलीवरच्या भांड्यानं, पायात घुसलेल्या काट्यानं, चपलेच्या वर आलेल्या खिळ्यानं. दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो, जखम चिघळते आणि शेवटी हाड जातं. आपल्याकडे डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याला अशा रुग्णांच्या वाकड्या झालेल्या हातांवर आणि बसलेल्या नाकांवर शस्त्रक्रिया केल्या. मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४मध्ये मिशनचं रुग्णालय उघडलं आणि मिरज वैद्यकीय पंढरी झाली. त्याच गावात कुष्ठरुग्णांसाठी रिचर्डसन रुग्णालयही उभं राहिलं. अशा ठिकाणी रुग्णाला शिकवतात ते साधंच असतं : रोज संध्याकाळी तळपाय उलटा करून डोळ्यांनी बघायचा, पाण्यात भिजवायचा, तेल लावायचं, मऊ रबराची चप्पल घालायची. कातडीनं सोडलेलं काम डोळ्यांना शिकवायचं.

कातडी हे काम मुळात करते कसं, याचा उलगडा अगदी अलीकडचा. आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेत एक पेशी सूक्ष्म नळीनं टोचली की बारीकसा विद्युतप्रवाह वाहायचा. त्यामागचं जनुक शोधायला त्यांनी ७२ संशयितांची यादी केली आणि एकेक जनुक बंद करत गेले. २०१०मध्ये त्यांना सापडलं पिएझो-१ आणि पाठोपाठ पिएझो-२. पेशीचा पडदा दाबला गेला की या जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनाचं दार उघडतं, विद्युतभारित कण आत शिरतात आणि दाबाची बातमी मेंदूकडे निघते. मिरचीतल्या तिखटाच्या साहाय्यानं उष्णता ओळखणारं प्रथिन शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांच्यासह पटापुटियन यांना २०२१चं नोबेल मिळालं. पिएझो-२ जन्मतः निकामी असलेली माणसंही अभ्यासली गेली. हलका स्पर्श त्यांना नीट जाणवत नाही. डोळे मिटले तर आपला हात कुठं आहे हेही त्यांना उमगत नाही. म्हणजे स्पर्शानं बाहेरचं जग कळतं तसा आपला देहही आपल्याला कळतो.

हाच स्पर्श माणसानं माणसाला नाकारला की काय होतं, याची एक वेगळी नोंद साताऱ्यात सापडते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर तिथल्या सरकारी शाळेत दाखल झाले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी लिहिलं आहे की, शाळेचा नळ त्यांना उघडता येत नसे. शिपायानं उघडला तर पाणी, नाही तर तहान. साताऱ्यात न्हावी होते आणि घरात त्यांना द्यायला पैसेही होते, तरी भावंडांचे केस थोरली बहीण कापायची, कारण वस्तरा-कात्री घेऊन त्या डोक्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. त्याच लेखनात १९२९च्या ‘यंग इंडिया’तलं काठेवाडचं एक पत्र येतं. नुकत्याच बाळंत झालेल्या दलित स्त्रीला तपासायला डॉक्टर वस्तीत पाऊल टाकत नाही. थर्मामीटर मधल्या माणसाच्या हातून जातं आणि तसंच परत येतं. ती स्त्री वाचली नाही.

विटाळ ही धर्माची आणि सत्तेची गोष्ट म्हणून आपण तिची चर्चा करतो, ते योग्यच. पण ती ज्ञानाचीही गोष्ट आहे. ज्या डॉक्टरनं नाडी धरली नाही त्याला दुखणं कळणार कसं? कुष्ठरोगाबाबत समाजानं हीच चूक कायद्याच्या आधारानं केली. १८९८चा कुष्ठरोग कायदा २०१६मध्ये रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांतून वगळलं गेलं ते २०१९मध्ये. एव्हाना बहुविध औषधोपचार येऊन तीन दशकं उलटली होती. सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी आजार बरा होतो, उपचार सुरू झाल्यावर लवकरच संसर्ग थांबतो आणि हस्तांदोलनानं तो मुळात पसरतच नाही, हे सारं ठाऊक असताना.

डिसेंबर २००५मध्ये देशपातळीवर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण उरले आणि कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. त्याच सुमारास कुष्ठरोगाचं वेगळं काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झालं. हेतू चांगला होता. पण वर्षानुवर्षं चट्टे बघून तयार झालेली नजर आणि नस चाचपणारी बोटं अशी बदलीच्या आदेशानं दुसऱ्याकडे सोपवता येत नाहीत. आता मोहिमा निघतात, आशाताई घरोघर जातात. पण साखर कारखान्यांच्या पट्ट्यात गळीत हंगामाला आलेल्या ऊसतोडकऱ्याचं घर कुठलं? कराड-वाळव्याच्या फडाशेजारची खोपी की मराठवाड्यातलं गाव? पाचट अंगभर कापतं, कोयत्यानं घट्टे पडतात, त्यात एक बधिर चट्टा कोण वेगळा काढणार? तो सापडला तरी सहा महिन्यांच्या गोळ्या पुऱ्या होण्याआधी टोळी गाव सोडते. आणि अनोळखी पुरुष कार्यकर्त्यापुढे पाठ उघडी करायला बाई तयार होत नाही, हेही आहेच.

डॉ. अंतिया पुढे शस्त्रक्रियेच्या टेबलावरून खेड्याकडे वळले. मांडव्याच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात त्यांनी गावातल्या अल्पशिक्षित बायकांना आरोग्यसेविका केलं. वाकडी बोटं सरळ करणाऱ्या सर्जनला कळून चुकलं होतं की, ती वाकडी होण्याआधी गावातला ओळखीचा हात पोहोचायला हवा. पिएझोचा शोध मोठाच आहे आणि बधिर कातडीला पुन्हा जाण देणारं औषध त्यातून कधी निघेलही. पण चट्टा शोधण्याचं काम रेणूंच्या पातळीवर होत नाही.

म्हणून एखाद्या तालुक्यात रुग्णसंख्या घटल्याचा आकडा आला, की आरोग्य समितीच्या बैठकीत आणखी दोन आकडे मागावेत. नव्यानं सापडलेल्यांपैकी किती जणांचे हात-पाय निदानाच्या दिवशीच विकृत झालेले होते? आणि किती माणसांची अंगं प्रत्यक्ष तपासली, त्यात बायका किती, टोळीवरचे किती? पहिला आकडा चढा आणि दुसरा तोकडा असेल, तर रुग्ण कमी झालेले नाहीत. त्यांना हात लावणारे कमी झाले आहेत.