घंटा आणि तळं

नाशिकला गोदावरीच्या काठी, पंचवटीच्या बाजूला रामेश्वराचं देऊळ आहे. त्याला रामेश्वर कुणी म्हणत नाही, नारोशंकराचं देऊळ म्हणतात. सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी ते १७४७ मध्ये बांधलं. देवळापेक्षाही नाव आहे ते तिथल्या घंटेचं. तटाच्या कमानीत टांगलेली ती ओतीव घंटा मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा बराच वेळ मान वर करून उभा होतो. धातूवर हिरवट काळपट राप चढलेला, अंगावर रोमन लिपीतली अक्षरं आणि १७२१ हे साल. शेजारी फुलं विकणारे आजोबा आपणहून म्हणाले, "वसईची आहे. आपल्या चिमाजी अप्पांनी जिंकली तेव्हा आणली."

मी वसईचा. नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला, तिथेच मी धर्मशिक्षणाला जायचो. आजोबांचं वाक्य ऐकलं आणि पहिल्यांदा मनात आलं ते असं की, ही आमच्याकडून गेलेली घंटा. पण ते 'आपल्या चिमाजी अप्पांनी' म्हणाले तेव्हाही मला काही खटकलं नव्हतं. शाळेत वसईच्या मोहिमेचा धडा वाचताना मी चिमाजी अप्पांच्याच बाजूने होतो. ज्यांची घंटा गेली ते माझे आणि ज्यांनी नेली तेही माझेच. त्या दिवसापासून मला वाटत आलं आहे की, आमच्या धर्मग्रामाचा इतिहास सांगायचा तर तो या घंटेखाली उभं राहूनच सांगावा लागेल. चर्चच्या वेदीपाशी उभं राहून सांगितला तर अर्धा सुटतो आणि वसईच्या किल्ल्यातल्या चिमाजी अप्पांच्या स्मारकापाशी उभं राहून सांगितला तर दुसरा अर्धा.

धर्मग्राम हा शब्द वसईबाहेर फारसा कानावर पडत नाही. एका चर्चच्या छत्राखालचा मुलूख, इंग्रजीत ज्याला पॅरिश म्हणतात, त्याला आमच्याकडे धर्मग्राम म्हणतात. पॅरिश या शब्दाचं मूळ ग्रीक आहे. पारोइकिआ म्हणजे दुसऱ्याच्या घराशेजारी राहणं, परक्या गावात वस्तीला असणं. मराठीत तो शब्द आणताना आमच्या लोकांनी त्यातलं परकेपण टाकून दिलं आणि त्याचं गाव केलं. हा बदल घडायला चारशे वर्षं लागली.

सुरुवात सरळ नव्हती. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने मोगलांच्या भीतीपोटी वसई पोर्तुगिजांना देऊन टाकली. त्याआधीच त्यांनी आगाशी बंदर जाळलं होतं. नंतर किल्ला उभा राहिला आणि आरमाराबरोबर फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन अशा संघांचे पाद्री आले. किल्ल्यात मठ आणि चर्च उठले, बाहेर वाड्यांमधूनही चर्च उभी राहू लागली. नंदाखालचं १५७३ चं, पापडीचं १५७४ चं, माणिकपूरचं १६०६ चं. हा मुलूख काही रिकामा नव्हता. सोपाऱ्यात अशोकाच्या काळापासून बौद्धांचा वावर होता. तिथला स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उकरला, तेव्हा आत अस्थिकरंडक सापडला. निर्मळला शंकराचार्यांची समाधी आणि विमल तीर्थ हे तळं. जैन व्यापारी, कोकणी मुसलमान, कोळी, वाडवळ, सामवेदी, सगळे आपापल्या जागी नांदत होते.

निर्मळचं ते तळं आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर. लहानपणी मला ते नुसतं तळं वाटायचं. पोर्तुगीज अमलात ते तीर्थ भ्रष्ट केलं गेलं, देवळं पाडली गेली, यात्रा बंद पडली, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. कुणी सांगितलं नव्हतं असंही म्हणता येणार नाही. आमच्या बाजूने ते सांगायची सवयच नव्हती. धर्मशिक्षणाच्या वर्गात गोन्सालो गार्सियांची कथा आम्हाला पाठ होती. वसईत जन्मलेला, पोर्तुगीज बापाचा आणि इथल्या आईचा मुलगा, जपानमध्ये नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर मेला आणि १८६२ मध्ये संत झाला. भारतात जन्मलेला पहिला संत आमच्या गावचा, याचा अभिमान मला आजही आहे. पण त्याच शतकात हिंदू अनाथ मुलांना पाद्र्यांच्या ताब्यात देण्याचा राजाचा हुकूम निघाला होता आणि गोव्याच्या इन्क्विझिशनचा धाक वसईपर्यंत पोचत होता, हे त्या वर्गात आलं नाही. यायला हवं होतं. संताची गोष्ट त्याने लहान झाली नसती.

मग मे १७३९. मराठ्यांच्या दोन वर्षं चाललेल्या मोहिमेनंतर किल्ला पडला. पोर्तुगीज सरदार, त्यांची कुटुंबं, युरोपीय पाद्री गलबतात बसून गेले. चर्चमधल्या घंटा उतरवल्या गेल्या आणि घाट चढून देवळांत पोचल्या. एक नाशिकला, एक वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर, एक भीमाशंकरला. मेणवलीच्या घंटेवर बाळाला घेतलेली मारिया आहे. निर्मळला देवळं पुन्हा उभी राहिली, त्यामागे वसईचे सरसुभेदार शंकराजी केशव फडके होते. घाट चढून घंटा गेल्या आणि इकडे तळं परत मिळालं. ज्यांचं तळं होतं त्यांना तो न्याय वाटला असणार आणि तो होताच.

माझ्या लेखी आमच्या धर्मग्रामाचा इतिहास खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो. तोवरचा इतिहास आरमाराचा, कॅप्टनांचा आणि संघांचा होता. आता गलबतं गेली होती आणि मागे उरले ते केळी लावणारे, पान पिकवणारे, मासे मारणारे लोक. त्यांना गोव्याला जायला वाट नव्हती आणि तसं मनातही नव्हतं. शरणागतीच्या तहात ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा होती. युरोपीय पाद्र्यांच्या जागी गोव्याकडचे देशी धर्मगुरू आले. राजा नाही, जहागिरी नाही, बंदूक नाही. धर्म सोडला असता तर लाभच होता, कारण आता राज्य हिंदूंचं होतं. काही जण परत गेलेही. पण फार मोठा भाग राहिला.

एक प्रश्न मला अनेकदा विचारतात, कधी सभेत, कधी रेल्वेच्या डब्यात, कधी प्रेमाने, कधी डिवचून. तुमचं धर्मांतर जबरीने झालं ना? मी म्हणतो, काही जबरीने झालं, काही लोभाने, काही जातीच्या मुखियाने पाणी घेतलं म्हणून सगळ्या आळीने घेतलं, काही श्रद्धेने. कित्येक पिढ्यांमागच्या माणसाच्या मनात काय होतं ते कोण सांगणार? पण १७३९ नंतर जे राहिले त्यांच्याबद्दल मला थोडं सांगता येतं. ते जबरीने राहिले नाहीत, कारण जबरी करणारा उरला नव्हता. काहींना परतीची दारं बंद होती हेही खरं. पंक्तीतून उठलेल्या माणसाला पंक्तीत परत बसवायला आपला समाज कधीच घाईत नसतो. पण तेवढंच कारण असतं, तर चर्च ओस पडली असती. ती पडली नाहीत. आई-बाप ज्या मातीत पुरले होते ती माती, पोरांची नावं, चर्चच्या सणाचा दिवस, मरताना ओठांवर येणारा जप, हे सगळं दोनशे वर्षांत त्यांचं होऊन गेलं होतं. पोर्तुगिजांनी आणलेला धर्म पोर्तुगीज गेले तेव्हा वसईकरांचा झाला. हा इतिहास आमच्या लोकांनी ताठ मानेने सांगावा असं मला मनापासून वाटतं.

जात मात्र चर्चच्या दारात सोडली गेली नाही, हेही सांगितलं पाहिजे. सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ ख्रिस्ती, कोळी ख्रिस्ती अशा ओळखी चर्चच्या बाकांवरही राहिल्या, सोयरिकी कितीतरी काळ आपापल्यातच झाल्या. सामवेदी ख्रिस्ती स्वतःला कुपारी म्हणवतात. तो शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून आला असं मानतात, म्हणजे बाप्तिस्म्यातल्या धर्मबापाचं नातं. नातं परक्या भाषेतून आलं आणि जातीचं नाव होऊन बसलं. माझ्या आजीचं लाल चौकड्यांचं नऊवारी लुगडं, घरातली कादोडी बोली, लग्नाच्या मांडवातली गाणी, यातलं काय हिंदू आणि काय ख्रिस्ती, हे आजीला विचारलं असतं तर तिने वेड्यात काढलं असतं. १८८७ मध्ये मुंबईकडच्या ख्रिस्ती पुढाऱ्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं, गोव्याहून आलेल्यांपेक्षा आपण वेगळे हे इंग्रज सरकारला कळावं म्हणून. आमच्या वाडीत ते नाव कधी रुजलं नाही. आम्ही वसईकर, तेवढं पुरत होतं.

भाषेने पुढचं काम केलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे साठच्या दशकात, लॅटिन मिस्साच्या जागी मराठी मिस्सा आली. वडील सांगायचे, आजोबांना पहिल्या रविवारी उपासनेतला शब्द न् शब्द कळला आणि ते घरी येऊन गप्प बसून राहिले. चर्चच्या आवारातल्या शाळांतून दोन-तीन पिढ्या मराठीत शिकल्या. 'सुवार्ता' मासिकाने त्यांना वाचायला आणि लिहायला लावलं. त्याचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालचेच. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एका पाद्र्याला हा मान कसा, म्हणून तेव्हा विरोधही झाला. विरोध करणाऱ्यांना वसई ठाऊक नव्हती एवढंच मी म्हणेन. ज्या चर्चमध्ये दोनेक पिढ्यांपूर्वीपर्यंत लॅटिन घुमत होतं, तिथून मराठीचा एक अध्यक्ष निघाला, ही त्या भाषेचीच कमाई होती. जुलै २०२४ मध्ये फादर गेले तेव्हा नंदाखालच्या रस्त्यावर रांगेत उभं असताना माझ्या पुढे आगाशीचे एक भटजीकाका होते. मी त्यांना जागा देऊ केली, तर म्हणाले, "असू दे रे, फादरांकडे जाताना मी कधी नंबर तोडला नाही."

दिब्रिटोंचं आणखी एक काम मला त्यांच्या पुस्तकांइतकंच मोठं वाटतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी जमीन बांधकामाला मोकळी होऊ लागली, विहिरींचं पाणी टँकरने इमारतींकडे जाऊ लागलं. तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि फादर तिच्या पुढे होते. मोर्चात चर्चमधले होते तसे देवळातलेही होते. विहीर खारी झाली की कुणाच्या केळीला गोडं पाणी मिळत नाही.

आमच्याकडे बावखल म्हणून एक प्रकार आहे. वाडीला पाणी मिळावं म्हणून खणलेलं छोटं तळं, काठाला केळी आणि माड, पावसात भरणारं आणि उन्हाळ्यापर्यंत जमिनीत मुरत राहणारं. आमच्या वाडीतल्या बावखलात मी नऊ-दहा वर्षांचा असताना पोहायला शिकलो. शेजारचं एका हिंदू वाडवळाचं, त्या पलीकडचं एका कोळ्याचं. तिन्हींतलं पाणी जमिनीखालून एकच होतं. शेजारचं आधी बुजलं, आमचं दहा वर्षांनी. आमचं भरणीच्या मातीने भरलं ते माझ्या चुलत्यांनी, खुशीने, भाव चांगला आला म्हणून. मी तेव्हा हजर होतो आणि बोललो नाही. आज तिथे चार मजले आहेत. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. त्यात उत्तर प्रदेशचे, गुजरातचे, केरळचे, कोकणातले, सगळे आहेत. नव्या वस्त्यांतल्या चर्चमध्ये हिंदी आणि इंग्रजी मिस्साही होते. तेही आता शेजारीच, आणि पारोइकिआचा पहिला अर्थ त्यांनाच जास्त लागू पडतो. त्यांचं गाव व्हायला वेळ लागेल. ते आले याचं मला वाईट वाटत नाही. त्यांना दाखवायला आमच्याकडे बावखल उरलं नाही, याचं वाटतं.

निर्मळचं तळं मात्र आहे. कार्तिक वद्य एकादशीला तिथे जत्रा सुरू होते आणि पुढचे काही दिवस चालते. आजी दरवर्षी जायची, लाल लुगडं नेसून, पायी. समाधीच्या टेकडीवर ती चढायची नाही, पण खालून हात जोडायची. मग बाजारात जाऊन भांडी वाजवून वाजवून एखादं पातेलं घ्यायची आणि सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, केळीच्याच पानात बांधलेली, मधासारखा रंग आलेली. ती पुडी घरी आली की डब्यात वर ठेवायची आणि नाताळच्या करंज्यांबरोबरच खाली काढायची. तोवर कुणी हात लावायचा नाही. आता पातेलं कुणी घेत नाही, पण सुकेळी मी घेतो. गेल्या वर्षी पुडी बांधून देणाऱ्या बाईने विचारलं, "दादा, नाताळला का?" मी हो म्हणालो. तिने आणखी दोन टाकली.